सदर दोन्ही महिला एकच

मला एकच बायको होती, हे सिद्ध करायला मला ती गेल्यानंतर सगळा उन्हाळा लागला. ती असताना हा पुरावा कुणी मागितला नव्हता. मागितला असता तर तिनेच दिला असता आणि मागणाऱ्याने पुन्हा आमच्या दाराची कडी वाजवली नसती.

मी बन्सीधर कच्छवे, राहणार परभणी. एस.टी.तून वाहतूक नियंत्रक म्हणून निवृत्त झालो. म्हणजे स्टँडवरच्या खिडकीत बसून कोणती गाडी कोणत्या फलाटावर लागेल ते भोंग्यावरून सांगणारा माणूस. मला लिहायची सवय नाही. गाडी कुठून आली, कुठे जाणार आणि का थांबली, एवढंच सांगता येतं. ही हकीकतही तशीच सांगणार आहे. ती वाटेत फार ठिकाणी थांबली, त्याला माझा इलाज नाही.

माझी मुलगी अपेक्षा जर्मनीत नोकरी करते. तिथेच तिने फेलिक्स नावाचा मुलगा पसंत केला. मुलगा चांगला आहे. आमच्याकडे आला तेव्हा आमच्यासारखाच जमिनीवर मांडी घालून जेवला. दुसऱ्या दिवशी त्याला पाटावरून उठवायला दोघांना हात द्यावा लागला, पण टेबल मागितलं नाही. माझ्या बायकोने त्याला तिथेच पास केलं. तिकडच्या नोंदणी कार्यालयात लग्नाची तारीख मिळाली, आणि त्याच महिन्यात बायको आजारी पडली. अपेक्षाने तारीख रद्द केली आणि आईपाशी येऊन बसली. आई राहिली नाही.

वर्ष सरल्यावर नवीन तारीख मिळाली. तिकडे अशी तारीख मिळणं म्हणजे दिवाळीत पुण्याच्या गाडीला खिडकीची जागा मिळण्यासारखं आहे. एकदा हातची गेली की पुन्हा रांगेच्या शेवटी. म्हणून मी ठरवलं होतं, काही झालं तरी ही तारीख जाऊ द्यायची नाही. पोरीने आईसाठी एकदा लग्न मागे टाकलं होतं, तेवढं पुरे होतं.

आणि एका दुपारी अपेक्षाचा फोन आला.

"पप्पा, माझ्या जन्मदाखल्यावर आईचं नाव कमल आहे."

"बरोबर आहे."

"आणि पासपोर्टवर, शाळेच्या दाखल्यावर, मम्मीच्या मृत्यू दाखल्यावर सुमंगला आहे."

"तेही बरोबर आहे."

"इथलं ऑफिस विचारतंय, तुमचा पहिल्या बायकोशी घटस्फोट कधी झाला? आणि मी नेमकी कुणाची मुलगी?"

फोन ठेवल्यावर मी भिंतीवरच्या बायकोच्या फोटोकडे पाहिलं नाही. हिंमत झाली नाही.

आता खुलासा करतो. माझी बायको चारठाण्याची. माहेरी तिचं नाव कमल. पण आमच्या आईचं नावही कमलबाई. एका घरात दोन कमलबाई कशा चालाव्यात? सुनेने सासूचं नाव घ्यायचं नाही, मग तिने स्वतःचं नाव विचारल्यावर काय सांगावं? म्हणून लग्नात ताटातल्या तांदळावर अंगठीने नवीन नाव लिहिलं गेलं, सुमंगला. लिहिलं मी. म्हणजे कार्यालयीन भाषेत सगळ्या प्रकरणाला जबाबदार मीच. ते तांदूळ दुसऱ्या दिवशी खिचडीत गेले, त्यामुळे मूळ कागद उपलब्ध नाही.

पुढे पहिलं बाळंतपण रीतीप्रमाणे माहेरी झालं. सासऱ्यांनी ग्रामपंचायतीत नोंद केली आणि आपल्या मुलीचं नाव कमल सांगितलं. त्यांना मी दोष देत नाही. मुलगी त्यांची, नाव त्यांनी ठेवलेलं. जावयाचं नावही त्यांनी बरोबर सांगितलं, हेच पुष्कळ.

आमच्या समोर व्यंकटराव राहतात. ते कोषागारातून निवृत्त झाले आणि तेव्हापासून आमची सगळी कॉलनी हीच त्यांची कचेरी आहे. कुणाच्या घरी पिठाची गिरणी बसवायची असली तरी ते आधी अर्जाचा मसुदा करून देतात. त्यांना मी प्रकरण सांगितलं. त्यांचा चेहरा उजळला.

"बन्सीधरराव, यात काहीच नाही. राजपत्रात नावबदल करून घ्यायचा. अर्ज, दोन फोटो, अर्जदाराची सही."

"अर्जदार कोण?"

"ज्याचं नाव बदलायचं, तो."

"ती गेली, व्यंकटराव."

"हो, हो." त्यांनी चष्मा काढून पुसला. "पण एखाद्या कोऱ्या कागदावर सही करून ठेवलेली असेल तर बघा."

आतून त्यांच्या पत्नी मैत्रेयीवहिनी ओरडल्या, "अहो, माणूस गेलंय! त्याला कसलं राजपत्र करता?"

तरीही मी सेतू केंद्रात गेलो, कारण आमच्याकडे कोणतंही काम सेतू केंद्रात गेल्याशिवाय बिघडत नाही. खिडकीतल्या मुलीने अर्ज पाहिला आणि म्हणाली, "काका, अर्जदाराचा अंगठा लागेल."

"ती वारली."

"मग तसं लिहून द्या आणि अंगठा लावायला त्यांना घेऊन या."

"बाई, ती वारली म्हणतोय मी."

"काका, मला कळतंय. पण अंगठ्याशिवाय सिस्टीम पुढं सरकंना. आणि तुमी लाईन अडवायलात."

लाईन अडवू नका, हे वाक्य मी नोकरीभर लोकांना ऐकवलं. ते ऐकणाऱ्याला कसं वाटतं हे त्या दिवशी कळलं. ज्यांना ज्यांना म्हणालो असेन त्यांची इथेच माफी मागतो.

शेवटी तिकडच्या कार्यालयानेच रस्ता सांगितला. त्यांनी नेमलेल्या एक वकीलबाई इकडे येऊन चौकशी करणार होत्या. कमल आणि सुमंगला एकच, असं सांगणारे साक्षीदार मी हजर करायचे. अट एकच, साक्षीदार नात्यातला नको. आणि अहवाल महिनाअखेरच्या आत गेला नाही तर तारीख गेली.

मला वाटलं, हे सोपं आहे. एवढी माणसं तिला ओळखत होती. मी जिंतूरची गाडी धरून चारठाण्याला गेलो.

चारठाणा जुन्या देवळांचं गाव आहे. कोरीव खांब पाहायला लांबून लोक येतात. मी त्या गावचा जावई असून एकही देऊळ धड पाहिलेलं नाही, कारण जावयाला ताटावरून उठूच देत नाहीत. या वेळीही माझा मेहुणा महारुद्र याने आधी जेवू घातलं आणि मग शेजारच्या गीताबाईंना बोलावलं. गीताबाई म्हणजे माझ्या बायकोला लहानपणी अंगाखांद्यावर खेळवलेली बाई. नात्यातल्या नाहीत. साक्षीला याहून चांगलं माणूस मिळणार नव्हतं.

महारुद्र म्हणाला, "मावशी, सुमंगला ठाऊक हाय ना तुमाला?"

"कोन सुमंगला?"

"आपली कमल."

"कमल तर कमल हाय. सुमंगला कोन हाय?"

मी म्हणालो, "मावशी, लग्नात नाव बदललं होतं."

"तुमी बदललं आसंल. आमी न्हाई बदललं." गीताबाईंनी पदर सावरला. "आमी आमच्या कमलसाठी रडलो. त्या सुमंगलासाठी तुमचं तुमी रडा."

आणि त्या उठून गेल्या. मी हात धुऊन बाहेर येईपर्यंत गावात बातमी झाली होती. कमलच्या नवऱ्याने परभणीत सुमंगला नावाची बाई केली होती, ती मेली, आणि आता तो तिला कागदोपत्री कमलच्या नावावर चढवायलाय. पारावरच्या म्हाताऱ्यांनी मला रामराम घातला नाही. मी आजवर चोरून विडीसुद्धा ओढलेली नाही, आणि आता एका अख्ख्या बाईचा आळ.

महारुद्राला खरं काय ते ठाऊक होतं. लग्नात तो माझ्या शेजारीच उभा होता. पण मेहुणा तो मेहुणाच. मला गाडीवर बसवायला आला तर भर स्टँडवर मोठ्याने म्हणाला, "दाजी, समद्यांसमोर सांगून टाका. ही सुमंगला कोन?"

"महारुद्रा, लग्नात तू माझा कान पिळला होतास. आठवतं?"

"आठवतंय की. तवा ह्ये ठाऊक असतं तर जरा जोरात पिळला असता."

गाडीतल्या बायका मागे वळून माझा कान बघत होत्या.

चारठाण्यात जमलं नाही म्हणून मी माझ्या गावाला, ताडकळसला गेलो. तिथे सगळे तिला सुमंगला म्हणून ओळखतात. बाजाराचा दिवस होता. माझा चुलतभाऊ परमेश्वर गावचा सरपंच आहे. माणूस दिलदार, पण त्याला मदत करायची भारी घाई असते. मी पूर्ण सांगायच्या आत तो म्हणाला, "दादा, बिलकुल फिकीर करू नका. नात्यातला झालो म्हणून काय झालं? सरपंच म्हणून तर दाखला देतो ना मी. कमल अन् सुमंगला, दोघींचं नाव पायजे, बरुबर?"

"बरोबर. पण त्या दोघी..."

"कळलं, कळलं. तुमी च्या घ्या."

माझा चहा होईपर्यंत दाखला टाईप झाला, शिक्का बसला, आणि त्याने तो मोबाईलवरून थेट अपेक्षाला पाठवूनही दिला. मग मला वाचून दाखवला. त्यात लिहिलं होतं, "कमलबाई कच्छवे ह्या श्री. बन्सीधर यांच्या मातोश्री असून सुमंगला ह्या त्यांच्या पत्नी होत. दोघी वेगवेगळ्या असून मी दोघींनाही चांगले ओळखत होतो."

"परमेश्वरा, अरे ही कमल म्हणजे माझी बायको!"

"दादा, काय बोलायलात? कमलबाई म्हंजी थोरली काकू. लोकांनी ऐकलं तर काय म्हनतील?"

अपेक्षा कामावर होती. काकाने शिक्क्याचा दाखला पाठवला म्हणजे तो बरोबरच असणार, असं समजून तिने न वाचता पुढे पाठवला. कार्यालयाचं उत्तर लगेच आलं. अशा उत्तराला त्यांना वेळ लागत नाही. जन्मदाखल्याप्रमाणे अपेक्षाची आई कमल. सरपंचाच्या दाखल्याप्रमाणे कमल ही बन्सीधर यांची आई. तरी अपेक्षा व बन्सीधर यांच्यातील नाते स्पष्ट करावे.

"पप्पा," अपेक्षा फोनवर म्हणाली, "तुम्ही माझे भाऊ निघालात."

"मग राखी पाठव."

ती हसली. मीही हसलो. ती जरा जास्तच वेळ हसत राहिली, आणि मग ते हसणं राहिलं नाही. नाक ओढून म्हणाली, "मम्मी असती तर स्वतः या ऑफिसात येऊन सांगितलं असतं, मी कोण आहे ते."

"सांगितलं असतं."

"पप्पा, नाही झालं तर नाही झालं. तारीख पुढे घेऊ."

"घ्यायची नाही," मी म्हणालो. स्टँडवर घोषणा करताना जो आवाज लागतो तो आपोआप लागला.

इकडे कॉलनीतही वास लागला होता. सगळे कागद मी दत्तरावांच्या दुकानातून झेरॉक्स केले होते. दत्तरावांचं झेरॉक्सचं दुकान आहे आणि त्याच टेबलावर वधूवर सूचक केंद्रही आहे. ते प्रत्येक कागद नीट वाचून मगच मशीनवर ठेवतात. एका सकाळी ते पेढ्याचा पुडा घेऊन घरी आले.

"कच्छवे साहेब, एक स्थळ आहे. सोनपेठच्या राजनंदिनीताई. शिक्षिका होत्या. एकट्याच आहेत."

"कुणासाठी?"

"आता काय सांगायचं." ते लाजले. लाजायला पाहिजे होतं मी. "तुम्ही दोन संसार निभावले. तुम्हाला तिसरा जड जायचा नाही. ताईंना अनुभवी माणूसच पाहिजे."

तेवढ्यात व्यंकटराव आले, त्यांनी सगळं ऐकून घेतलं आणि मला बाजूला घेऊन म्हणाले, "नकार लेखी द्या. पोच घ्यायला विसरू नका. उद्या फाईलला लागेल." पेढे मात्र त्यांनीच संपवले.

चौकशीचा दिवस उजाडला. मी दोन्ही गावांना निरोप धाडले होते. म्हटलं, दोन्हीकडची माणसं एकदा आमच्या घरी एका खोलीत बसवू, मग काय व्हायचं ते होऊ दे. चारठाण्याहून महारुद्र जीप भरून माणसं घेऊन आला. गीताबाई पुढच्या सीटवर होत्या. त्या यायला तयार नव्हत्या, पण परभणीची ती सुमंगला कोण होती ते बघायची उत्सुकता होती. ताडकळसहून परमेश्वर शिक्का घेऊन आला होता. तो मी आधी काढून घेतला.

वकीलबाईंचं नाव अर्पिता. अपेक्षाच्याच वयाच्या असतील. त्यांनी पाणीसुद्धा घेतलं नाही. "आधी नात्यातले बाहेर," म्हणाल्या. महारुद्र आणि परमेश्वर बाहेर गेले आणि खिडकीत उभे राहिले. व्यंकटराव नात्यातले नव्हते, पण त्यांनी आत येताच "मॅडम, माझ्या मते" असं सुरू केल्यामुळे तेही बाहेर गेले. मैत्रेयीवहिनी मात्र साक्षीला आत राहिल्या.

थोरल्या कमलबाईंचं प्रकरण अर्पिताबाईंनी बसल्या बसल्या मिटवलं. "काका, तुमच्या आई कधी वारल्या?" अपेक्षाच्या जन्माच्या आधी वर्षभर, असं मी सांगितलं. मग त्या अपेक्षाच्या आई कशा असतील, असं त्या म्हणाल्या. हे मला, परमेश्वराला, व्यंकटरावांना किंवा जर्मनीतल्या कार्यालयाला, कुणालाच सुचलं नव्हतं.

मग त्यांनी वही उघडली. "काका, तुम्ही पत्नीला कोणत्या नावाने हाक मारायचात?"

"नावाने नाही."

"मग?"

"'ऐकलं का' म्हणायचो."

"आणि लांब असल्या तर?"

"जरा मोठ्याने म्हणायचो."

त्यांनी पेन खाली ठेवलं. "म्हणजे दोन्हीपैकी एकही नाव तुम्ही कधी वापरलं नाही. मग साक्षीला तुमचा काहीच उपयोग नाही."

एवढी वर्षं एकत्र संसार केला, आणि मी तिच्या कामाचा नाही असा शेरा. मी खुर्ची सोडून पलंगावर जाऊन बसलो.

भिंतीवरच्या फोटोकडे बोट करून अर्पिताबाईंनी विचारलं, "या कोण?"

"कमल," गीताबाई म्हणाल्या.

"सुमंगलावहिनी," मैत्रेयीवहिनी म्हणाल्या.

झालं, मी मनात म्हटलं. पण अर्पिताबाईंनी मान हलवली. "फोटो कुणीही कुणाचाही लावतं. बहिणी-बहिणी सारख्या दिसतात. मला त्या माणूस म्हणून कशा होत्या ते सांगा. तुम्हाला माहीत असलेलं काहीतरी, दुसऱ्या कुणाला माहीत नसलेलं."

गीताबाई आणि मैत्रेयीवहिनी एकमेकींकडे बघायला तयार नव्हत्या. एक म्हणाली, कमलला चहा गार करून लागायचा. दुसरी म्हणाली, सुमंगलावहिनींना चहाच चालत नव्हता. एक म्हणाली, कमल लय अबोल. दुसरी म्हणाली, वहिनींचं बोलणं थांबायचंच नाही. हे ऐकून तर मलाच वाटायला लागलं की दोन असाव्यात.

"आमची कमल," गीताबाई चिडून म्हणाल्या, "शिट्टी मारायची! ऱ्हायलं आता? दोन बोटं तोंडात घालून. ज्वारी काढायला गेलेल्या बाया पार नदीच्या कडंपून जेवायला यायच्या. तिचा बाप लय मारायचा तिला, पोरीच्या जातीनं शिट्टी मारू नी म्हनून. तुमची ती सुमंगला मारायची का शिट्टी?"

मी उठून उभा राहिलो. माझी बायको आणि शिट्टी? मी तोंड उघडणार होतो, पण मैत्रेयीवहिनींचा चेहरा पाहून थांबलो.

"भाजीवाला पुढे निघून गेला की," वहिनी हळू म्हणाल्या, "या खिडकीतून शिट्टी यायची. मला वाटायचं पोरं आहेत. एक दिवस बघितलं तर वहिनी. मला म्हणाल्या, कुणाला सांगू नका, यांची स्टँडवर अब्रू जाईल."

त्या शिट्टीवरून मी कॉलनीतल्या पोरांना कितीदा रागावलो होतो. एकाच्या बापाला घरी बोलावून घेतलं होतं. ती आतून चहा घेऊन आली होती आणि पोराच्या बापाला म्हणाली होती, "पोरंच ती, जाऊ द्या."

"कोन्ती बोटं?" गीताबाईंनी एकदम विचारलं. हा प्रश्न वकीलबाईंनी विचारला नव्हता.

दोघींनी एकदमच हात वर केले. डावा हात. अंगठ्याशेजारची दोन बोटं. दोघींची मान एकाच बाजूला जराशी कलली. दोघींनी बोटं तोंडात घातली. गीताबाईंना दात नाहीत, त्यांच्या तोंडून नुसती हवा आली. पण मैत्रेयीवहिनींनी अशी शिट्टी मारली की खिडकीतला महारुद्र खाली बसला आणि अंगणातून व्यंकटराव ओरडले, "कोण मवाली आहे तो?"

"त्यांनीच शिकवली," वहिनी तोंडाला पदर लावून म्हणाल्या. "दुपारी हे झोपले की."

गीताबाई उठल्या. वहिनींच्या जवळ जाऊन त्यांनी ती दोन बोटं हातात धरली आणि निरखून पाहिली. "ही कमलचीच शिट्टी हाय," त्या अर्पिताबाईंना म्हणाल्या. "ल्ह्या. तीच ही. नाव तुमी काय बी ल्ह्या."

ती गेल्यावर तिची नवीन गोष्ट आता मला कुणी सांगेल, असं मला वाटलं नव्हतं. जे होतं ते सगळं आपल्यापाशी आहे, असं समजून मी वर्षभर बसलो होतो. मी तोंड धुवायला मोरीत गेलो आणि बराच वेळ धूत राहिलो.

परत आलो तेव्हा अर्पिताबाई लिहीत होत्या आणि पाणीही प्यायल्या होत्या. "शिट्टीचं लिहू का?" त्यांनी विचारलं.

"नका हो," मैत्रेयीवहिनी म्हणाल्या.

मग त्यांनी लिहिलं, विशिष्ट सवयींवरून व स्वतंत्र साक्षीदारांच्या जबानीवरून सदर दोन्ही महिला एकच असल्याची खात्री झाली. गीताबाईंनी अंगठा दिला, वहिनींनी सही केली. अहवाल महिनाअखेरच्या आत गेला. तारीख राहिली.

लग्नाला मी गेलो नाही. व्हिसाचा फॉर्म उघडला होता. त्यात पत्नीचे नाव असा रकाना आला. व्यंकटराव म्हणाले, "दोन्ही लिहा." मी फॉर्म बंद केला. अपेक्षाला सांगितलं, तुम्ही दोघंच दिवाळीला इकडे या, तेव्हा सगळ्या गावांना जेवण घालू.

लग्न आम्ही व्यंकटरावांच्या टी.व्ही.वर पाहिलं. इकडे दुपार होती, तिकडे सकाळ. महारुद्र, परमेश्वर आणि दत्तराव हजर होते. गीताबाई तर आदल्या दिवशीच येऊन मैत्रेयीवहिनींकडे उतरल्या होत्या. अपेक्षाने तिच्या आईची हिरवी साडी नेसली होती. टेबलामागे बसलेल्या नोंदणीवाल्या बाईंनी काहीतरी वाचलं, त्यात कमल आणि सुमंगला ही दोन्ही नावं आम्हाला ऐकू आली, आणि गीताबाईंनी वहिनींचा हात दाबला.

मग बाईंनी दोघांना एक प्रश्न विचारला. अपेक्षा आमच्याकडे वळून म्हणाली, "लग्नानंतर आडनाव कोणतं लावणार, विचारताहेत. पप्पा, फेलिक्स म्हणतोय, तो कच्छवे लावणार. तुमच्या मानासाठी."

आमच्या खोलीत टाळ्या पडल्या. "वा रं जावई!" महारुद्र ओरडला.

"थांबव त्याला!" मी उभा राहून ओरडलो.

तिकडे नोंदणीवाल्या बाईंनी पेन उचलून धरलं. फेलिक्सचा चेहरा पडला. बिचाऱ्याला वाटलं, सासऱ्याने ऐनवेळी लग्न मोडलं.

"लग्नाला माझी हरकत नाही," मी म्हणालो. "नावाला आहे. त्याला म्हणावं, तुझे सगळे कागद एका नावाचे आहेत, तसेच राहू दे. मान मला पोचला. पण उद्या तुमच्या पोराला बाप एकच होता म्हणून गावोगाव फिरायला लावू नका."

अपेक्षाने ते तिकडच्या भाषेत सांगितलं. आधी फेलिक्स हसला, मग सगळे हसले. सगळ्यात जास्त नोंदणीवाल्या बाई हसल्या. आमची फाईल त्यांना पाठ झाली असावी. दोघांनी आपापली नावं तशीच ठेवली, सह्या झाल्या आणि लग्न लागलं. परमेश्वराने इकडून अक्षता टी.व्ही.वर टाकल्या. वहिनींना त्या अजून सापडतात.

पेढे वाटून झाल्यावर गीताबाईंनी मला जवळ बोलावलं.

"मंग आता पोरीला सासरी काय म्हनतील?"

"अपेक्षाच."

"अन् हितं आली की?"

"इथेही अपेक्षाच. आता बदलायचं नाही काही."

गीताबाईंनी जरा विचार केला. "कमल गाडीतून उतरली की मी लांबूनच हाक मारायची, कमले! तशी तिची पिशवी तिथंच खाली पडायची." त्या टी.व्ही.कडे पाहत राहिल्या. "दोन्हीकडं येकच नाव म्हनल्यावर, माहेराला आल्यावानी कसं वाटंल हो पोरीला?"

मी व्यंकटरावांकडे पाहिलं. त्यांनी चष्मा काढला आणि पुसत बसले. यासाठी कुठे अर्ज करायचा, ते त्यांनाही ठाऊक नव्हतं.